वसईच्या धर्मग्रामांतील परस्परसाहाय्याचा इतिहास

कोणत्याही संस्थेचा इतिहास लिहावयास घेतला म्हणजे तिच्या इमारतींची, पदाधिकाऱ्यांची आणि समारंभांची नोंद फारशा सायासावाचून होत जाते, कारण कोनशिला, छायाचित्रे आणि छापील अहवाल ही सर्व साधने त्याच गोष्टी सांगत असतात; परंतु त्या संस्थेने आपल्या माणसांच्या गरजा कशा भागविल्या, दुखणाईताच्या उशाशी कोण बसले, कर्त्या पुरुषामागे उघड्या पडलेल्या संसाराला आधार कोणी दिला आणि सावकाराकडे अडकलेली वाडी कोणाच्या पैशाने सुटली, ही हकीकत बहुधा दप्तराबाहेरच राहते. वसईच्या ख्रिस्ती समाजाचा इतिहास किल्ला, तह आणि देवालये यांच्या अनुषंगाने अनेकांनी लिहिला आहे. या भूमीतील धर्मग्रामांनी आपल्या सभासदांच्या ऐहिक गरजांची काळजी कोणकोणत्या साधनांनी वाहिली, ही त्या इतिहासाची दुसरी बाजू या स्मरणिकेच्या निमित्ताने यथामति सांगावयाचे योजिले आहे.

ही हकीकत जवळजवळ पाच शतकांची आहे आणि एवढ्या अवधीत या किनाऱ्याने फिरंगाण, मराठेशाही, इंग्रजी अंमल आणि स्वराज्य अशा चार राजवटी पाहिल्या. प्रत्येक राजवटीत मदतीची रूपे पालटली, ती देणारे हात पालटले आणि ती घेणाऱ्यांची संख्याही पालटली. तथापि या सर्व स्थित्यंतरांतून एक गोष्ट स्पष्ट दिसून येते, ती अशी की, जी मदत राज्यकर्त्यांच्या आश्रयाने आली ती त्यांच्या निशाणाबरोबर निघून गेली आणि जी सभासदांनी आपल्या कष्टाच्या पैशातून व आपल्याच हिशेबाखाली उभी केली ती टिकली.

फिरंगाणातील दयेचे घर

२३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशाह आणि पोर्तुगीज गव्हर्नर नूनो द कुन्हा यांच्यात झालेल्या तहान्वये वसई आणि तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगीजांच्या हाती आला, आणि पुढील दोनशे वर्षे वसई ही त्यांच्या उत्तरेकडील मुलखाची राजधानी होऊन राहिली. फ्रान्सिस्कन संघाचे आंतोनियो दो पोर्तो यांच्यासारख्या धर्मोपदेशकांनी या भागात देवालये उभारली. संत फ्रान्सिस झेवियर यांचे पाय या भूमीला लागले. आणि पोर्तुगीजांच्या प्रत्येक मोठ्या वसाहतीत जी संस्था हटकून आढळते ती 'सांता काझा द मिझरिकॉर्दिया', म्हणजे दयेचे पवित्र घर, वसईच्या तटबंदीतही स्थापन झाली.

मिझरिकॉर्दियाची मूळ स्थापना १४९८ मध्ये लिस्बन येथे राणी लिओनोर हिच्या पुढाकाराने झाली होती. ही प्रापंचिकांची बंधुसभा असून तिचा कारभार निवडलेला अध्यक्ष व त्याचे सहकारी यांच्या हाती असे आणि तिची लेखी घटना असे. भुकेल्यास अन्न, तान्हेल्यास पाणी, उघड्यास वस्त्र, वाटसरूस आसरा, रोग्याचा समाचार, बंदिवानाची विचारपूस आणि मृतास मूठमाती ही सात शारीरिक दयाकृत्ये, व त्यांच्या जोडीला अज्ञान्यास शिकविणे, दुःखिताचे सांत्वन करणे इत्यादी सात आत्मिक दयाकृत्ये, हा त्या घटनेचा पाया होय. अनाथ मुलींच्या विवाहासाठी हुंड्याची तजवीज करणे, तुरुंगातील गरीब कैद्यांना अन्न पोचविणे, बेवारशी प्रेतांची व्यवस्था लावणे आणि मृत्युपत्रान्वये सोपविलेल्या मिळकती वारसांपर्यंत पोचविणे ही कामे तिच्याकडे असत. ज्या काळात सरकारी दवाखाना किंवा निराधारांसाठी सरकारी तरतूद क्वचितच आढळे त्या काळात एवढी व्यवस्था लेखी नियमांनी चालत होती, हे आजच्या वाचकाने ध्यानात घेण्याजोगे आहे.

परंतु या व्यवस्थेची मर्यादाही तितकीच स्पष्ट होती. तिचे पुरस्कर्ते आणि लाभार्थी प्राधान्याने पोर्तुगीज व त्यांचे आप्ताश्रित असत. तटाबाहेरच्या वाड्यांतून राबणारी, तांदूळ, ऊस आणि भाजीपाला पिकविणारी देशी ख्रिस्ती रयत देवालयात शेजारी गुडघे टेकीत असली तरी या बंधुसभेच्या कारभारात तिला स्थान नव्हते. या रयतेच्या वाट्याला दया आली ती वरून खाली येणारी, म्हणजे दात्याच्या मर्जीवर आणि राजाच्या कृपेवर अवलंबून असणारी.

त्या शतकातच या मातीतून एक असा पुरुष निर्माण झाला की, ज्याने सेवेचा हा क्रम आपल्या आयुष्यापुरता उलटा करून दाखविला. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया व्यापारानिमित्त पूर्वेकडील बंदरांत गेले, मग फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले आणि जपानी भाषा अवगत असल्यामुळे पेद्रो बौतिस्ता यांच्याबरोबर दुभाषी म्हणून जपानला गेले. तेथे क्योटो शहरी त्या संघाने गोरगरिबांसाठी आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये चालविली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह गोन्सालो यांना क्रुसावर मृत्यू आला आणि ८ जून १८६२ रोजी ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले. वसईच्या धर्मग्रामांतून आज त्यांचा सण थाटाने साजरा होतो. परंतु परमुलखातील रोग्यांच्या सेवेला वाहून घेतलेल्या मंडळींत त्यांनी आपली उमेदीची वर्षे घालविली, या गोष्टीचा उल्लेख प्रवचनांतून व्हावा तितका होत नाही.

१७३९ नंतरची पोरकी वर्षे

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेपुढे वसईचा किल्ला खाली झाला. तहाच्या अटींप्रमाणे पोर्तुगीज शिबंदी, सरदार घराणी आणि युरोपीय धर्मगुरू लवाजम्यासह बाहेर पडले. त्यांच्याबरोबर मिझरिकॉर्दियाचे बंधू गेले, ते चालवीत असलेले रुग्णालय गेले आणि दोन शतके चाललेली ती सारी व्यवस्था जणू गलबतांत बसून निघून गेली. मागे राहिली ती देशी ख्रिस्ती रयत, थोडी देवालये आणि अत्यल्प संख्येतील देशी धर्मगुरू. धर्माचरणाची मुभा तहाने मिळाली होती, परंतु मुभेने पोट भरत नाही आणि दुखणेही बरे होत नाही.

अशा प्रसंगी समाज विस्कळीत व्हावा हे स्वाभाविक होते, आणि काही अंशी तो झालाही. तरीपण जो भाग टिकून राहिला तो कशाच्या बळावर टिकला याचे उत्तर वाडीवाडीतील खुरसापाशी, म्हणजे क्रुसापाशी, सापडते. धर्मगुरू महिनोन्महिने येत नसे तेव्हा वाडीतले लोक सायंकाळी खुरसाजवळ जमून जपमाळेची प्रार्थना करीत, आणि प्रार्थनेसाठी जमलेल्या माणसांना कोणाच्या घरी काय उणे आहे हे निराळे सांगावे लागत नसे. मयत झाली तर वाडीने खड्डा खणावयाचा, तिरडी उचलावयाची आणि दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही तोपर्यंत शेजाऱ्यांनी जेवण पोचवावयाचे. लग्न निघाले तर मांडवाचे बांबू, पाणी भरणे, तांदूळ कांडणे आणि पापड लाटणे ही कामे घरे वाटून घ्यावयाची. नांगरणीत एखाद्याचा बैल पडला तर दुसऱ्याने आपली जोडी एक दिवस त्याच्या शेतात घालावयाची. या रिवाजांना घटना नव्हती की अध्यक्ष नव्हता. सामवेदी, वाडवळ, कोळी इत्यादी ज्या ज्ञातींतून हा समाज घडला होता त्यांच्या पूर्वापार गावकीचेच हे वळण असून, ख्रिस्ती धर्माने त्याला दयाकृत्यांचा अर्थ दिला, एवढेच म्हणता येईल.

तथापि ज्ञातीच्या भिंती या मदतीलाही आडव्या येत, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. सामवेदी वाडीचा आधार सामवेद्याला, वाडवळ वाडीचा वाडवळाला आणि कोळीवाड्याचा कोळ्याला, अशी वाटणी देवालय एक असतानाही बराच काळ चालत राहिली. जातीपलीकडे जाऊन सर्व धर्मग्रामांना एका हिशेबात बांधील असे साधन अद्याप जन्माला यावयाचे होते.

वाडी, रहाट आणि सावकार

१८१८ नंतर इंग्रजी अंमल स्थिर झाला, पुढे लोहमार्ग आला, आणि वसईच्या बागायतीला मुंबईची बाजारपेठ हाताशी आली. केळी, पानवेल, फुले आणि भाजीपाला यांनी हा पट्टा बहरला. आगाशीकडील सुकेळी दूरवर जाऊ लागली. पहाटेच्या गाडीने पाट्या घेऊन मुंबईला जाणारी वसईवाली ही शहराच्या ओळखीची व्यक्ती झाली. गोड्या पाण्याची बावखले, त्यांच्या काठाने फिरणारे बैलांचे रहाट आणि दांडांतून वाड्यांना मिळणारे पाणी यांवर हा सर्व व्यवहार उभा होता.

बाहेरून पाहणाऱ्यास ही समृद्धी वाटे; पण बागायत हा धंदा आधी पैसा गिळणारा आणि मागाहून परत देणारा आहे. पानमळा लावावयाचा म्हणजे आधाराचे बांबू, पेंडीचे खत, गड्यांची मजुरी आणि रहाटाच्या बैलांची वैरण यांसाठी रोकड आधी मोजावी लागते, आणि पान खुडणीस येईपर्यंत घरात पैसा येत नाही. अशा मधल्या काळात सारा भरण्याची मुदत आली, बैल मेला, घरात आजारपण निघाले किंवा मुलीचे लग्न ठरले म्हणजे शेतकऱ्याची पावले सावकाराच्या ओटीकडे वळत. तेथे रोख रकमेवरील व्याज, धान्यावरील सवाई-दिढी, कोऱ्या कागदावरील अंगठा आणि शेवटी गहाणखत हा क्रम ठरलेला असे. देशभर हेच घडत होते. दख्खनच्या शेतकऱ्यांनी १८७५ मध्ये सावकारांच्या वह्या जाळल्या आणि १८७९ चा कायदा झाला तो याच दुखण्यापोटी. वसईत दंगा झाला नाही. पण ज्या समाजाची ओळखच जमिनीशी बांधलेली होती त्याच्या जमिनी एकेक करून दुसऱ्यांच्या खाती चढू लागल्या, तर देवालये उभी राहूनही धर्मग्राम रिकामे होतील, ही भीती जाणत्यांना वाटू लागली होती.

पतपेढीची स्थापना

या दुखण्यावरील औषध कोणत्या दिशेने यावे याचा विचार युरोपात आधीच सुरू झाला होता. जर्मनीतील एक श्रद्धावान ग्रामाधिकारी फ्रीड्रिख विल्हेल्म रायफायझन याने दुष्काळग्रस्त शेतकऱ्यांसाठी प्रथम धनिकांच्या देणग्यांवर चालणाऱ्या मंडळ्या काढल्या. परंतु दात्यांचा उत्साह ओसरला की मंडळीही ओसरते, असा अनुभव आल्यावर १८६४ मध्ये हेडेसडॉर्फ येथे त्याने कर्जदारांनाच सभासद करून, त्यांच्याच परस्पर जामिनकीवर चालणारी पतसंस्था उभी केली. १८९१ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी 'रेरुम नोवारुम' या परिपत्रातून कष्टकऱ्यांनी परस्परसाहाय्याच्या संस्था स्थापाव्या असा पुरस्कार केला. हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा १९०४ मध्ये आणि त्याहून व्यापक असा दुसरा १९१२ मध्ये झाला. मुंबई इलाख्यातील निरनिराळ्या समाजांनी त्याचा लाभ घेतला. १९०६ मध्ये चित्रापूर सारस्वतांनी श्यामराव विठ्ठल यांच्या नावे संस्था काढली, १९१८ मध्ये सारस्वत बँक निघाली आणि त्याच वर्षी वांद्र्याला साल्सेट कॅथॉलिक गृहनिर्माण संस्था स्थापन झाली.

याच १९१८ च्या फेब्रुवारी महिन्यात वसई येथे मोन्सिनियर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकाराने बॅसीन कॅथॉलिक सहकारी पतसंस्थेची स्थापना झाली. तो काळ महायुद्धाचा आणि महागाईचा होता. त्याच वर्षी पाऊस दगा देणार होता आणि पावसाळ्याअखेर इन्फ्लुएंझाची साथ मुंबई इलाख्यात घरेच्या घरे ओस पाडणार होती. अशा वर्षी एका धर्मगुरूने, ज्याच्याकडे लोक आशीर्वाद आणि फार तर धर्मादाय मागावयास येत, त्यांना भाग घ्या, ठेवी ठेवा आणि एकमेकांना जामीन राहा असे सांगावे, ही गोष्ट त्या काळी वाटली असेल त्याहून अधिक दूरदर्शीपणाची होती.

या व्यवस्थेचे मर्म समजण्यासाठी तिचा कायदा थोडा जवळून पाहावयास हवा. १९१२ च्या कायद्याने एका सभासदाने धारण करावयाच्या भागांवर मर्यादा घातली होती, त्यामुळे एखादा सधन बागायतदार सगळी संस्था खिशात घालू शकत नसे. निव्वळ नफ्यातील किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकणे बंधनकारक होते, म्हणजे चांगल्या वर्षाने वाईट वर्षाची बेगमी करून ठेवावयाची. तो हिस्सा बाजूस काढल्यावर उरलेल्या नफ्यातून शेकडा दहापर्यंत रक्कम, निबंधकाच्या मंजुरीने, धर्मादाय कामास देता येत असे. शिवाय दरसाल सरकारी तपासनिसाने वह्या तपासावयाच्या असत. मिझरिकॉर्दियाच्या काळी दया आधी आणि हिशेब मागाहून असा क्रम होता. येथे हिशेब आधी आला आणि दया त्याच्या पोटी कायद्यानेच बसविली गेली.

कागदावरच्या या नियमांना गावात कसा प्राण येई हे पाहण्यासारखे आहे. अशा पतसंस्थेकडे कर्ज मागावयास आलेल्या माणसाला रक्कम, कारण, परतफेडीची मुदत आणि जामीनदारांची नावे सांगावी लागत. अर्ज पंचमंडळासमोर येई तेव्हा तेथे बसलेले लोक परके नसत. कोणाच्या बावखलाला उन्हाळ्यात पाणी राहते, कोणाची केळी वाऱ्याने आडवी झाली आहेत, कोणाचा मुलगा मुंबईला नोकरीस लागला आहे आणि कोणाचे पाऊल गुत्त्याकडे वळले आहे, हे त्यांना कागद न पाहता ठाऊक असे. विहिरीसाठी मागितलेले कर्ज विहिरीतच गेले की मांडवात, याचा पत्ता त्यांना रस्त्याने जाता-येता लागे. जामीनदार रविवारी मिस्साला शेजारच्याच बाकावर बसत असल्यामुळे थकबाकीदाराला हप्ता चुकवून तोंड लपविणे जड जाई. सावकाराकडेही ही सर्व माहिती असे, परंतु तो तिचा उपयोग जमीन मिळविण्यासाठी करी. पतसंस्थेने तीच माहिती जमीन राखण्यासाठी वापरली. व्याजाचा पैसाही अखेर गावातच, ठेवीदार विधवेच्या किंवा निवृत्त शिक्षकाच्या पुस्तकात जमा होई.

या मार्गात अडचणी नव्हत्या असे नाही. लग्नकार्याची उधळपट्टी आणि दारूचे व्यसन ही दोन छिद्रे अशी होती की, त्यांतून सहकाराचे पाणीही गळून जाई. धर्मगुरूंना प्रवचनातून एकीकडे काटकसर शिकवावी लागे आणि दुसरीकडे त्याच तोंडाने सणाच्या थाटाला संमती द्यावी लागे. तरीदेखील जात, वाडी आणि धर्मग्राम यांच्या सीमा ओलांडून पापडी, सांडोर, नंदाखाल, आगाशी, गिरीज, निर्मळ, माणिकपूर येथील माणसे एकाच खातेवहीत आली, हे या संस्थेचे सामाजिक फलित कर्जाच्या आकड्यांहून मोठे मानले पाहिजे. कालांतराने या पतसंस्थेची बँक झाली, आणि आज ती अनुसूचित नागरी सहकारी बँक म्हणून पापडी येथील आपल्या मुख्यालयातून कारभार पाहत आहे.

ज्यांना कर्जही परवडत नाही

सहकार हा उभे राहू शकणाऱ्याचा आधार आहे. जो अंथरुणाला खिळला आहे, ज्याच्यामागे कमावते कोणी नाही, ज्याला जामीन राहावयास कोणी धजत नाही, त्याला पतपेढीचा दरवाजा उघडा असून बंद असतो. अशांसाठी धर्मग्रामांत संत विन्सेंट डी पॉल यांच्या नावाने चालणारी मंडळे काम करीत आली. १८३३ मध्ये पॅरिस येथे फ्रेदेरिक ओझानाम या विद्यार्थ्याने आपल्या मित्रांसह सुरू केलेली ही प्रापंचिकांची संस्था जगभर पसरली.

या मंडळाच्या सभेचा शिरस्ता सांगण्याजोगा आहे. ठरलेल्या दिवशी सभासद जमतात, प्रार्थना होते आणि मग कोणत्या घरी कोण जाऊन आले, तेथे औषध आहे का, मुलांची शाळेची फी भरली गेली का, छप्पर पावसाळा काढील का, याची तोंडी कैफियत सादर होते. गरिबाच्या घरी एकट्याने जावयाचे नाही, दोघांनी मिळून जावयाचे, म्हणजे मदतीला साक्षीदार राहतो आणि देणाऱ्याच्या मनात अहंता शिरत नाही, असा नियम आहे. सभा संपताना एक पिशवी हातोहात फिरते. प्रत्येकजण बंद मूठ आत घालतो आणि उघडी बाहेर काढतो. कोणी नोट टाकली, कोणी नाणे टाकले आणि कोणी, त्या महिन्यात स्वतःच्याच घरी ओढ असल्यामुळे, काहीच टाकले नाही, हे शेजाऱ्यालाही कळत नाही. मदत घेणाऱ्यांची नावेही सभेबाहेर जात नाहीत. वार्षिक अहवालात कुटुंबांची संख्या आणि रक्कम दिसते, नावे दिसत नाहीत. लहान गावात, जेथे प्रत्येकाची चूल प्रत्येकाला ठाऊक, तेथे माणसाची अब्रू राखून त्याला साहाय्य करावयाचे असेल तर याहून चांगली रीत क्वचितच सापडेल.

देवालयातील संत अँथनीच्या पेटीत पडणारा पैसा, उपवासकाळातील त्यागाची वर्गणी आणि सुगीच्या वेळी अर्पण होणारे पहिले पीक यांतूनही या कामाला हातभार लागत आला आहे. या सर्व रकमा लहान. परंतु त्या नियमाने येतात, आणि गरिबाच्या संसारात मोठ्या देणगीपेक्षा नियमाने येणारी लहान रक्कम अधिक उपयोगी पडते.

धर्मप्रांताचा काळ

धर्मव्यवस्थेच्या दृष्टीने वसई दीर्घकाळ दमणच्या धर्मप्रांताखाली होती; १९२८ मध्ये ती मुंबईच्या महाधर्मप्रांतात आली. मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप आणि १९५३ मध्ये कार्डिनल झालेले व्हॅलेरियन ग्रेशस यांच्या स्मरणार्थ वसईत बंगली येथे उभे राहिलेले रुग्णालय ही या कालखंडाची ठळक खूण होय. १७३९ मध्ये किल्ल्यातले रुग्णालय तटाबरोबर ओस पडले. हे रुग्णालय वाड्यांच्या मध्ये उभे आहे आणि त्याच्या खाटेवर कोणत्याही धर्माचा रोगी येऊन पडतो. धर्मभगिनींच्या शाळा, दवाखाने व वसतिगृहे यांचा इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) प्रापंचिकांच्या जबाबदारीवर जो भर दिला त्याचा परिणाम धर्मग्रामाच्या रोजच्या कारभारावर झाला. १९८३ च्या धर्मसभा-संहितेने प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे असा दंडक घातला. त्यामुळे धर्मग्रामाच्या हिशेबात प्रापंचिकांना नियमाने स्थान मिळाले. पुढे वाडीवाडीतून लहान ख्रिस्ती समूह सुरू झाले. पंधरा-वीस घरांनी एकत्र येऊन शास्त्रपाठ वाचावयाचा आणि आपल्यातील आजारी, एकाकी वा बेकार माणसाची चौकशी करावयाची, हे त्यांचे स्वरूप पाहिले म्हणजे १७३९ नंतर खुरसापाशी जमणाऱ्या वाडीचीच ती व्यवस्थित आवृत्ती वाटते.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस या समाजापुढे एक असे संकट उभे राहिले की, ज्यावर कर्ज, देणगी किंवा घरभेट यांपैकी कोणताच उपाय चालण्यासारखा नव्हता. शहरीकरणाचा लोंढा आला. वाड्या बिल्डरांच्या नकाशात शिरल्या, बावखले बुजू लागली, टँकरांनी पाणी उपसले आणि विहिरी मचूळ होऊ लागल्या. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी या प्रसंगी मासिकाची लेखणी आणि स्वतःची वाणी हरित वसईच्या चळवळीला दिली. त्या चळवळीत ख्रिस्ती आणि हिंदू बागायतदार एका मोर्चात चालले. समाजाच्या गरजा भागवावयाच्या तर त्याच्या पायाखालची जमीन आणि विहिरीतले पाणी यांचाही कैवार घ्यावा लागतो, ही जाणीव धर्मग्रामांना त्या वर्षांनी दिली.

२२ मे १९९८ रोजी वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला आणि बिशप थॉमस डाबरे त्याचे पहिले धर्माध्यक्ष झाले; २००९ मध्ये आर्चबिशप फेलिक्स मच्याडो यांनी ती धुरा घेतली. स्वतःचा धर्मप्रांत मिळाल्यामुळे शिक्षण, आरोग्य आणि समाजसेवा यांच्या योजना येथेच आखता येऊ लागल्या.

समारोप

आज या समाजाच्या गरजा पुन्हा पालटल्या आहेत. सावकाराची ओटी गेली, पण हप्त्यांवर घेतलेल्या घरांचे आणि गाड्यांचे ओझे आले. मुले परदेशी गेली आणि म्हातारी माणसे मोठ्या घरांतून एकटी राहिली. दवाखाना जवळ आला, पण त्याचा खर्च आवाक्याबाहेर गेला. वाडी विकून आलेला पैसा एका पिढीत संपला आणि पुढच्या पिढीला ना जमीन राहिली ना धंदा. या नव्या दुखण्यांवर जुनीच औषधे जशीच्या तशी लागू पडतील असे नव्हे. मात्र ती औषधे ज्या तत्त्वाने गुणकारी ठरली ते तत्त्व जुने झालेले नाही. मदत नियमाने व्हावी, तिचा हिशेब उघड असावा आणि घेणाऱ्याचे नाव झाकलेले राहावे. देणारा आणि घेणारा हे एकाच खातेवहीतले सभासद असावेत, म्हणजे आजचा देणारा उद्या संकोचावाचून मागू शकेल.

म्हणून या स्मरणिकेच्या तरुण वाचकांस एवढीच विनंती आहे की, त्यांनी आपल्या धर्मग्रामाच्या सणाला जसे हजर राहावे तसे आपल्या पतसंस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेलाही हजर राहावे, ताळेबंद वाचावा, न समजलेल्या रकमेबद्दल उभे राहून विचारावे, आणि महिन्यातून एकदा तरी दोघांनी मिळून वाडीतल्या एखाद्या एकट्या म्हाताऱ्याचे दार वाजवावे. ज्या समाजाने राज्यकर्त्यांचे दयेचे घर गेल्यावरही आपले घर स्वतः सावरले, त्याला एवढे करणे अवघड नाही.